सोपान मास्तर आणि पाचची घंटा

खडकवळण गावात एक भोळा मास्तर होता. नाव सोपान. मन गाईसारखं, आणि डोकंही साधारण तिथलंच. मुख्याध्यापिका इंदुमतीबाईंचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. फक्त दगड दर वेळी भलताच निघायचा.

शाळेत शिक्षक दोनच, बाई आणि सोपान. दोघांनी मतदार मोजायचे, संडास मोजायचे, कोंबड्या मोजायच्या, आणि वेळ उरलाच तर मुलांना शिकवायचं. बाई घरी पोचेपर्यंत लेक झोपलेली असे. एक दिवस ती पोरगी आपल्या आईलाच "बाई" म्हणाली, तेव्हा मात्र बाईंना रडू आवरेना. त्या तालुक्याला जाऊन भांडल्या आणि करार ठरवून आल्या. पाचची घंटा झाली की शाळेचं काम बंद. शुक्रवारी मोठे साहेब शाळा बघून सही करणार होते. तोवर घोळ होता कामा नये, एवढंच.

सोमवारी बाई शिडीवर चढून कराराची पाटी लावत होत्या. सोपानने शिडी धरली होती. घंटा झाली. सोपानने शिडी सोडली.

"गुरुजी," बाई जमिनीवरून म्हणाल्या, "शिडी का सोडलीत?"

"पाच वाजले, बाई."

"अहो, हातातलं काम पुरं केल्याशिवाय सोडायचं नसतं."

"चुकलं, बाई. ध्यानात ठेवतो."

ठेवलं. मंगळवारी खिचडी शिजली. मुलांच्या आधी मास्तरांनी चव बघायची, असा नियम. सोपानने चव बघायला घेतली आणि पुरी केल्याशिवाय सोडली नाही. खिचडी शिजवणारी पारूमावशी वाढायला आली, तर पातेलं घासल्यासारखं लख्ख. पोरं कोरडे डबे वाजवत बसली.

"अहो, सगळं एकट्याने नाही संपवायचं," बाई म्हणाल्या. "वाटून द्यायचं."

"चुकलं, बाई. ध्यानात ठेवतो."

बुधवारी परीक्षेचे पेपर तपासायला आले. सोपानने ते वाटून दिले. ज्याचा पेपर त्यालाच, म्हणजे भांडण नको. सगळा वर्ग पहिला आला. सरपंचांच्या नातवाने तर स्वतःला शंभरपैकी एकशेवीस दिले, अक्षर चांगलं म्हणून.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पेपरासारखी मोलाची वस्तू कुलपात ठेवायची. कुणी कितीही आरडाओरडा केला तरी बाहेर काढायची नाही."

"चुकलं, बाई. ध्यानात ठेवतो."

शुक्रवारी साहेब आले. ऑफिसात बसून करार वाचू लागले. बाई हळूच सोपानला म्हणाल्या, "मी चहा घेऊन येते. साहेबांना जपा हं. आज त्यांच्याइतकं मोलाचं काही नाही."

बाई चहा घेऊन परतल्या तेव्हा घंटा होऊन गेली होती. ऑफिसला कुलूप होतं, आतून दार धडधडत होतं आणि बाहेर सोपान समाधानाने उभा होता.

"गुरुजी, दार उघडा," आतून साहेब ओरडले.

"साहेब, पाच वाजून गेले. आता सोमवारी या."

"अहो, मी आतच आहे."

"मग बरंच झालं. यायची खेप वाचली."

बाईंनी किल्ली मागितली, विनवण्या केल्या. सोपान ढिम्म हलला नाही. शेवटी साहेब घाम पुसत खिडकीशी आले.

"तुमचं पटलं, बाई," ते म्हणाले. "हा माणूस पाचनंतर शाळेत असता कामा नये. थांबा, आत्ताच सही करतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी कागद खिडकीत ठेवला, पेन टेकवलं, पहिलं अक्षर काढलं. तेवढ्यात सोपानने गजांतून हात घालून पेन काढून घेतलं.

"पाच वाजले, साहेब."

"गुरुजी," बाई काकुळतीने म्हणाल्या, "हातातलं काम पुरं तरी करू द्या त्यांना."

"ते शिडीचं होतं, बाई," सोपान म्हणाला. त्याने पेन आणि किल्ली खिशात घातली, सायकलवर टांग मारली आणि मागे वळून बघितलं.

"आणि तुम्ही अजून इथे काय करताय? घरी जा. लेक वाट बघत असेल."