राहीचं आठवं अंडं

एका राज्यात राजवाड्याच्या पिछाडीला एक खुराडं होतं, आणि त्या खुराड्यात चौदा तांबड्या कोंबड्या होत्या. खुराडं म्हणजे तुमच्या-आमच्या परसातलं गळकं खोपट नव्हे. सागवानी दारांचं, पितळी कड्यांचं. कोंबड्याही तशाच मानाच्या. त्यांच्या अंड्यातला बलक जखमेवर लावला की जखम सांजेच्या आत भरून येई. राजा लढाईला निघाला की त्याच्यामागून वैद्य जात नसे, अंड्यांची टोपली जाई.

या कोंबड्या राखायचं काम भिवराकडे होतं. भिवरा कामाला वाघीण, तोंडाने फटकळ, आणि लेकीच्या बाबतीत भलतीच भित्री. लेकीचं नाव राही. सात वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची. नवरा मागेच गेलेला, दुसरं मूल नाही, सगळा जीव त्या एका पोरीत. कुणी राहीकडे जरा टक लावून पाहिलं की भिवराला वाटे, दृष्ट लागली. मग ती घरट्यातलं ताजं अंडं उचले, पोरीवरून सात वेळा उतरवे आणि अंगणात फोडून टाके. कोंबड्या धावत येत आणि तो बलक टिपून घेत. ज्या अंड्याने एखाद्या शिपायाचा जीव वाचायचा ते असं मातीत जाई. पण भिवराला सांगणार कोण? सांगायला जावं तर आपणच चार शब्द ऐकून परत यावं, अशी तिची ख्याती.

एके दिवशी भर दुपारी खुराड्याच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पाय धुळीने भरलेले, ओठ फुटलेले.

"बाई, तीन दिवसांची उपाशी आहे," ती म्हणाली. "एक अंडं दे."

भिवराच्या हातात अंडं होतं. ती द्यायलाही निघाली होती, खोटं कशाला बोला. पण तेवढ्यात त्या बाईची नजर अंगणात खेळणाऱ्या राहीवर गेली. ती हसली आणि म्हणाली, "लेक गोड आहे हो तुझी."

झालं. भिवराच्या मनात नको ते आलं. हातातलं अंडं तिने राहीवरून उतरवलं, त्या बाईच्या देखत, तिच्याकडे बघत बघत, आणि तिच्याच पायांपाशी आपटलं. कोंबड्या धावल्या. भुकेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर त्यांनी ते अंडं कवचासकट खाऊन टाकलं.

ती बाई म्हणजे धूम्रा, सात डोंगरांपलीकडची मायाविनी. कुणी म्हणेल, ती परीक्षा घ्यायला आली होती. तसं काही नव्हतं. मायावी माणसांनाही भूक लागते, आणि त्या दिवशी तिला खरंच भूक लागली होती.

"मला दिलं नाहीस, त्यांना दिलंस," धूम्रा म्हणाली. "ठीक आहे. आजपासून त्या आपलीच अंडी खातील. आणि जिच्यासाठी फोडलंस, ती त्यांच्यातच राहील."

भिवराने तिचे पाय धरले. "उःशाप दे, माये."

"तुझी लेक वर्षातून एकच अंडं घालील, निळ्या कवचाचं. ते तिच्याखाली एकवीस दिवस धड राहिलं, तर लेक तुझी."

एवढं बोलून ती वाऱ्यात विरून गेली. राही खेळत होती तिथे कुणी नव्हतं. भिवराने कोंबड्या मोजल्या. पंधरा भरल्या. सगळ्या सारख्याच तांबड्या, सगळ्यांचे डोळे सारखेच. त्यांतली आपली कोणती, हे आईला ओळखता आलं नाही.

अशी सात वर्षं गेली. दरवर्षी एकदा गवतात निळ्या कवचाचे तुकडे सापडत, आणि भिवरा ते पदरात बांधून रडत बसे. तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? अंड्यात तिखटाची पूड भरून ठेवली. कोंबड्यांनी ती भातासारखी खाल्ली. पहारा दिला, तर डोळ्याला डोळा लागायचा अवकाश, अंडं फुटलेलं असे. शेवटी तिने हाती दांडकं घेतलं. जिची चोच बलकाने माखलेली दिसे तिला ती बदडून काढी. एकदा एक कोंबडी निळं कवच चोचीत धरलेली सापडली. भिवराने दांडकं भिरकावलं आणि तिचा उजवा पाय मोडला. तेव्हापासून त्या लंगडीवर तिचा दात होता. दाणे टाकले की लंगडी सगळ्यांच्या आधी तिच्या पायांत येई, आणि भिवरा तिला लाथेने दूर सारी.

इकडे राज्यात जखमा भरेनाशा झाल्या. साध्या खरचटण्याने शिपाई अंथरूण धरू लागले. राजाने भिवराला बोलावलं.

"खुराडं रिकामं कर," तो म्हणाला. "पंधराच्या पंधरा कापून टाक. आम्ही नवी जात आणवतो."

"महाराज, त्यांत माझी लेक आहे."

 राजालाही लेकी होत्या. "तीन पुनवा देतो," तो म्हणाला. "तिसऱ्या पुनवेला एक धड अंडं दाखव. नाहीतर सुरी."

भिवराने खुराडं शेजारणीच्या हवाली केलं आणि ती चालू लागली. कुणाला विचारावं? तिला टिटवी आठवली. टिटवीच्या घरट्याला काडी नाही, कुंपण नाही, उघड्या माळावर ती अंडी घालते. तरी तिने आपलं अंडं कधी खाल्लं नाही. माळावर टिटवी बसली होती.

"टिटवीबाई, माझ्या कोंबड्या आपलीच अंडी खातात. उपाय सांग."

"शाप धूम्रेचा आहे," टिटवी म्हणाली, "पण सवय तुझी आहे. शाप सवयीवर उभा आहे. सवय मोड, शाप पडेल."

"कशी मोडू?"

"तीन वस्तू आण. समुद्राचा पांढरा चुरा आण. कोंबडीच्या अंगात चुना नाही म्हणून कवच पातळ होतं, बसता बसता तडकतं, आणि तडकलं की चव लागते. नदीतलं दगडी अंडं आण. त्यावर चोच मारून मारून त्यांना कंटाळू दे. आणि डोंगराच्या गुहेतला अंधार आण. घरट्यात दिसलंच नाही तर चोच कशावर मारतील? तिघे राखणदार तुला एकच प्रश्न विचारतील. खोटं बोललीस तरी वस्तू मिळेल, पण कामाला पुरणार नाही."

भिवरा आधी समुद्रावर गेली. तिथे बैलगाडीएवढा खेकडा शिंपल्यांच्या राशीवर बसला होता. नांगीत शिंपले धरायचे आणि चुरायचे, हेच त्याचं काम.

"कोंबड्या अंडी का खातात?" त्याने विचारलं.

"जातच खादाड," भिवरा म्हणाली.

खेकड्याने चिमूटभर चुरा तिच्या तळहातावर टाकला आणि पाठ फिरवली.

मग ती नदीवर गेली. डोहात एक म्हातारं कासव होतं, आणि त्याच्या पाठीवर पांढरी दगडी अंडी होती.

"कोंबड्या अंडी का खातात?"

"त्या धूम्रेमुळे. एका अंड्यावरून कुणी एवढा शाप देतं का?"

कासवाने मान आत घेतली. भिवराच्या हातात दगडी अंडं आलं ते चिमणीच्या अंड्याएवढं. तिने ते पदरात बांधलं. तिला राग आला होता, आणि राग कुणाचा ते तिला कळत होतं, म्हणून तर तो जास्त आला होता.

पहिली पुनव होऊन गेली तेव्हा ती डोंगरावरच्या गुहेपाशी पोचली. बाहेर लख्ख ऊन, आणि गुहेच्या तोंडाशी अंधार पडद्यासारखा लोंबत होता. आत घुबड बसलं होतं.

"कोंबड्या अंडी का खातात?"

भिवरा दगडावर टेकली. पदर सोडून तिने तो चिमूटभर चुरा आणि ते चिमुकलं दगडी अंडं पाहिलं. मग म्हणाली, "मी खायला शिकवलं. रोज अंगणात फोडून टाकत होते. ती बाई उपाशी होती. तिने पोरीचं कौतुक केलं, तर मी तिलाच दृष्ट काढून दाखवली. तिला एक अंडं दिलं असतं तर माझं काय जात होतं?"

घुबड म्हणालं, "निळी अंडी सातही वर्षं कुणी खाल्ली?"

"लंगडीने. मी पाहिलंय."

"लंगडी कोण?"

भिवराने मान वर केली. 

"पोर कोंबडी झाली त्या सांजेला तिला भूक लागली," घुबड म्हणालं. "ती तुझ्यापाशी आली. तू तोंडावर पदर घेऊन रडत होतीस, दाणे टाकायचे विसरलीस. अंगणात दगडांच्या फटीत बलक राहिला होता. तिने तो खाल्ला. पहिला घास तोच."

तिथे बसून भिवरा रडली ते लेक गेली म्हणून नव्हे. लेक सात वर्षं पायांत घोटाळत होती आणि आपण तिला लाथ मारत होतो, म्हणून रडली. घुबडाने तिला रडू दिलं. मग गुहेतला अंधार कांबळ्यासारखा गुंडाळून तिच्या खांद्यावर दिला. पदरातला चुरा पोतंभर झाला, दगडी अंडं कोंबडीच्या अंड्याएवढं झालं. खरं बोलल्यावर त्या वस्तू तशाच वाढतात.

घरी येताच तिने चुरा दाण्यांत मिसळला, दगडी अंडं घरट्यात ठेवलं आणि घरट्याच्या तोंडावर अंधार टांगला. सकाळी, दुपारी, सांजेला ती घातलेलं अंडं लगेच उचलून नेई. कवचं पूर्वी तशीच अंगणात फेकायची, ती आता भाजून पूड करून घालू लागली. पहिले तीन दिवस घरट्यातून नुसता ठकठक आवाज येई. चौथ्या दिवशी आवाज थांबला. दगडाला चोच मारून कुणाचं पोट भरतं?

लंगडीला मात्र तिला जवळ घेता येईना. भिवरा "राही" म्हणून हाक मारी, आणि ती हाकेसरशी पंख फडफडवत कोपरा गाठी. मग भिवरा दाणे लांब ठेवून मागे सरे आणि पाठ करून बसे. पाठ केली की ती खाई.

आठवं निळं अंडं अंधारातच पडलं. कवच जाड होतं. लंगडी त्यावर बसली आणि उठली नाही. राजाने दारावर एक जखमी शिपाई पहाऱ्याला ठेवला होता, दंडावर चिघळलेला घाव घेऊन तो बिचारा उभा असे. विसाव्या दिवशी त्याने अंधाराची कड सारून आत डोकावलं आणि म्हणाला, "छान उबवते आहे हो."

 भिवराचा हात आपोआप टोपलीतल्या ताज्या अंड्याकडे गेला. अंडं उचललंही. एकदा उतरवावं, एकदाच, उद्या तर शेवटचा दिवस. शिपाई तिच्याकडे पाहत होता. हात हवेतच राहिला.

मग तिने तो खाली घेतला. "घे, भाऊ," ती म्हणाली. "दंडाला लाव. फार दिवस दुखतंय तुझं."

एकविसाव्या दिवशी, तिसऱ्या पुनवेच्या दुपारी, निळं कवच तडकलं. कवचात काही नव्हतं. कोंबडीही नव्हती. घरट्यासमोर चौदा वर्षांची मुलगी उभी होती, उजव्या पायावर भार न देता. सात वर्षांची गेली होती, चौदाची आली. मधली वर्षं कुठल्या मायेने परत मिळत नाहीत, धूम्रेच्याही नाही.

"आई, पाणी," ती म्हणाली.

पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "लंगडी म्हणजे मी, हे तुला ठाऊक होतं?"

"नाही गं, बाई."

"मी रोज तुझ्या पायांत येत होते."

भिवराने रिकामा तांब्या पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवला. 

राजाला अंडी मिळाली. त्या कोंबड्यांनी पुन्हा कधी आपलं अंडं फोडलं नाही, आणि त्या राज्यात दृष्ट काढायला अंडं वापरायचं नाही असा हुकूम निघाला. शिपाई बरे झाले. राहीच्या पायाला भिवराने बलक लावला, तोही सांजेपर्यंत सरळ झाला. त्याच सांजेला पोरीचे विस्कटलेले केस सारखे करावे म्हणून भिवराने हात वर नेला, आणि राहीने डोळे मिटून, खांदे आकसून, अंग चोरलं.

भिवराने हात तसाच मागे घेतला. फणी तिने राहीच्या हातात दिली, आणि आपण चार पावलं लांब, तिच्याकडे पाठ करून बसली. केस विंचरून होईपर्यंत तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसली, तिसऱ्याही.

राज्याला अंडी मिळाली, घायाळांना आयुष्य मिळालं, आईला लेक मिळाली. लेकीला आई मिळायला मात्र अजून काही दिवस लागतील, आणि भिवरा वाट पाहते आहे.