नदी चढली दरबाराची पायरी

"नदी मेली, महाराज! तुमच्या रंगशाळेनं मारली!"

भर दरबारात हे ऐकून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बोलणारी होती बदकं पाळणारी सूयिन. चीन देशात नदीकाठच्या एका टेकाडावर राजा ग्वांगचा महाल होता आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला त्याची रंगशाळा. तिथे रेशमाला नीळ देत आणि उरलेली नदीत ओतून मोकळे होत. मासे उलटे तरंगू लागले, भाताची रोपं करपली, सूयिनची बदकं निळी पडून पटापट मेली.

"मेली? वरून तर कशी छान निळीशार दिसते!" राजा म्हणाला.

रंगशाळेचा मुख्य दू पुढे सरसावला. "तक्रार नदीची ना? मग नदीनं येऊन करावी! ही कोण लागून गेली?"

राजाला ही गंमत भलतीच आवडली. "बरोबर! नदीनंच दरबाराची पायरी चढावी. घागरीनं आणायची नाही, बैल जुंपायचे नाहीत, माणसानं ओढायची नाही. भाताच्या कापणीपर्यंत मुदत. नाही आली, तर जन्मभर रंगशाळेत नीळ घोटत बस!"

"आणि आली तर?"

"तर ती मागेल ते!"

सूयिन घरी आली ती रडवेली होऊन. तिचे सासरे त्साओ बांबूचे कारागीर. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं पोरी, पाणी कधी टेकाड चढतं का?"

सूयिननं नदीत पाय सोडले. प्रवाह पायांना ढकलत होता. ती एकदम ताडकन उठली. "मामंजी, चढतं! खालचं पाणी चाक ढकलेल, चाकातलं पाणी वर चढेल. तुम्ही फक्त टेकाडाएवढं चाक करा!"

सगळा गाव बांबू तोडायला धावला. चाकाच्या कडेला बांबूची नळकांडी बांधली, वरून थेट दरबारापर्यंत बांबूचीच पन्हळ नेली. सज्जातून दू खिदळत होता, "खेळा, खेळा पोरांनो!"

कापणीच्या दिवशी सूयिननं चाकाची खुंटी काढली. कर्रर्र! चाक हललं, फिरलं, गरगरलं! नळकांडी भरून वर गेली, पन्हळीत रिती झाली आणि नदी खळाळत सिंहासनासमोरच्या दगडी कुंडात येऊन पडली.

"आली रे आली!" राजानं पोरासारख्या टाळ्या पिटल्या आणि आनंदाच्या भरात ओंजळी भरभरून पाणी तोंडावर मारून घेतलं.

दरबाराला हसू आवरेना. कोणी बाही तोंडात कोंबली, कोणी छताकडे पाहू लागलं. राजाची रुपेरी, लांबलचक दाढी आता निळीभोर झाली होती! दूचं तोंड मात्र पांढरंफटक पडलं.

राजानं आरसा मागवला. पाहिलं आणि गरजला, "सूयिन! हे काय?"

"फिर्याद, महाराज! नदीला बोलता येत नाही, म्हणून तिनं रंगवून दाखवली!"

"अगं, पण हा रंग जाणार कधी?"

"नदीचा जाईल तेव्हा! दाढी धुवायला पाणी तीच देणार ना?"

राजा असा खो खो हसला, की दाढीतून निळे थेंब दरबारभर उडाले. हसता हसताच त्यानं हुकूम सोडला: आजपासून नीळ नदीत नाही, दूनं ती स्वतः कावडीनं लांबच्या खड्ड्यात नेऊन टाकायची. सूयिन नदीची कारभारीण झाली, आणि काठावर फेरी मारायला राजानं तिला आपली स्वतःची नाव देऊन टाकली!