परतीचा टपालखर्च

वेंगुर्ल्याच्या इंदिराबाई नाबरांनी नवऱ्यासाठी, अप्पांसाठी, पुण्याच्या एका कंपनीकडून टपालाने कानाचं यंत्र मागवलं. लेकीचं, हेमांगीचं गाणं पहिल्यांदाच रेडिओवर लागणार होतं आणि अप्पांना ते ऐकायचं होतं. यंत्र आलं, पण त्यातून हूं की चूं नाही.

कंपनीचे साहेब फोनवर गुरगुरले, "परत पाठवा. टपालखर्च तुमचा. नियम आहे."

बाई इरेला पेटल्या. रोज फोन, रोज तेच उत्तर. शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, मी चालणारं यंत्र मागवलं होतं, ते अजून आलेलंच नाही. हे बंद पडलेलं तुमचं आहे. न्यायला माणूस पाठवा, नाहीतर माझ्या घरात ठेवल्याचं भाडं पाठवा."

साहेबांनी नियम गुंडाळून ठेवला. कंपनीचा माणूस नवं यंत्र घेऊन दारात हजर झाला. आळीभर बाईंचं कौतुक झालं.

पण हेमांगीचं गाणं आदल्याच संध्याकाळी होऊन गेलं होतं. तेव्हा काही ऐकू येत नसतानाही अप्पा रेडिओसमोर बसून मान डोलवत होते.

यंत्र कानात बसल्यावर त्यांनी विचारलं, "कशी गायली गं पोर?"

"छान गायली," बाई म्हणाल्या. तो टपालखर्च मुकाट्याने भरला असता तर यंत्र वेळेत आलं असतं, हे त्यांना अप्पांना सांगवेना.