चौथ्या स्क्रूवरची लाल रेघ

एका शहराच्या कडेला, माळावर, एक छोटा कारखाना होता. तिथे उपग्रह बनत. उपग्रह म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी अवाढव्य येतं, पण हे उपग्रह चपलांच्या खोक्याएवढे असत. त्यांची चौकट मजबूत ठेवायची आणि आतली उष्णता बाहेर काढायची, ही दोन्ही कामं श्रीरंग दाबके या मुख्य अभियंत्यांकडे होती. माणूस हुशार होता. फक्त आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

वर जाताना रॉकेट असे हादरे देतं की एक सैल स्क्रूही घात करतो. म्हणून दाबक्यांनीच एक नियम घातला होता. स्क्रू आवळणाऱ्यानं त्यावर खूण करायची नाही. दुसऱ्या माणसानं, किती आवळलं ते दाखवणाऱ्या मापाच्या पान्यानं तो तपासायचा आणि मगच स्क्रूच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायची. हे रेघ ओढण्याचं काम यमुनाताई लोंढे करत. अकरा वर्षांत त्यांची एकही रेघ खोटी ठरली नव्हती.

एकदा असाच एक उपग्रह तयार झाला. ऊन आणि थंडीची चाचणी झाली. हादऱ्यांची तेवढी उरली होती. रॉकेट सुटायला पंचवीस दिवस होते.

रविवारी घरी कागद चाळताना दाबक्यांना घाम फुटला. बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक मऊ पट्टी असते. तिची जाडी त्यांनी चुकीची लिहून दिली होती. चाचणीत पट्टीनं कसंबसं निभावून नेलं होतं, पण वर गेल्यावर तिच्यानं वर्षही निघालं नसतं.

सोमवारी ते सगळ्यांना सांगू शकले असते. कुणी त्यांना खाऊन टाकलं नसतं. पण इतकी साधी चूक आपल्या हातून झाली, हे चारचौघांत बोलायची त्यांना लाज वाटली. रविवारीच रात्री ते एकटे कारखान्यात गेले. चार स्क्रू काढले, पट्टी बदलली, स्क्रू परत बसवले. तीन स्क्रू मापाच्या पान्यानं आवळले. चौथ्यापाशी वायरी आड येत होत्या, पाना शिरेना. तो त्यांनी अंदाजानं आवळला. मग यमुनाताईंच्या कपाटातला लाल रंग घेतला आणि चारही रेघा स्वतःच ओढल्या.

मंगळवारी उपग्रह हादऱ्यांच्या मेजावर चढला. दुसऱ्याच मिनिटाला आतून खडखड ऐकू आली. उघडून पाहिलं तर चौथा स्क्रू निम्मा बाहेर आला होता, आणि पत्रा आपटून चौकटीच्या कोपऱ्याला तडा गेला होता.

कारखान्याच्या मालक मोघेबाईंनी सगळ्यांना बोलावलं. "यमुनाताई, या स्क्रूवर तुमची रेघ आहे. तपासला होता ना?"

यमुनाताईंनी भिंगातून स्क्रू पाहिला. बराच वेळ पाहिला.

"रेघ जाड वाटते मॅडम. माझी इतकी जाड येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण माझ्याशिवाय कोण ओढणार? माझ्याच हातून झालं असेल."

दाबके फरशीकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. तोंडात आलंही होतं. त्यांनी ते गिळलं.

मोघेबाईंनी यमुनाताईंना तिथून काढलं आणि खोकी भरण्याच्या कामावर पाठवलं. यमुनाताई भांडल्या नाहीत. त्यांनी आपला बारीक ब्रश पुसला, टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या.

आणि लोक काय म्हणाले? "दाबकेसाहेब मोठ्या मनाचे! एवढं नुकसान झालं, पण बाईंना एका शब्दानं बोलले नाहीत." हे ऐकून दाबक्यांना जेवण जाईना. शिव्या बसल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं. तरीही ते तीन दिवस गप्प राहिले. नवी चौकट पंधरा दिवसांत होईल, उपग्रह वेळेत जाईल, मग हळूहळू सगळे विसरतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

चौथ्या दिवशी ते खोकी ठेवतात त्या खोलीवरून चालले होते. आत यमुनाताईंनी एक खोकं बंद केलं, त्यावर चिकटपट्टी लावली. मग ती काढून खोकं उघडलं, आतलं सामान मोजलं आणि पुन्हा बंद केलं. जराशानं तेच खोकं त्यांनी परत उघडलं.

"हे काय चाललंय, यमुनाताई?"

त्या ओशाळल्या. "हातांवरचा भरवसाच गेलाय हो साहेब. घरी गॅस बंद केला की नाही, म्हणून काल अर्ध्या वाटेवरून परत गेले. बंदच होता. तपासल्याशिवाय रेघ ओढल्याचं मला आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे केलं नाही, असं आता कुठल्या तोंडानं म्हणू?"

अकरा वर्षांचे ते चोख हात, आणि ते आपण चार दिवसांत खोटे पाडले. दाबके तडक मोघेबाईंकडे गेले.

"सगळ्यांना बोलवा, मॅडम. यमुनाताईंना आधी."

सगळे जमल्यावर त्यांनी पट्टीपासून रेघेपर्यंत सारं सांगितलं. कान लाल झाले होते. मान एकदाही वर झाली नाही.

आता नवी चौकट पुरेशी नव्हती. पट्टी बदलली होती, म्हणजे ऊन आणि थंडीची चाचणीही पहिल्यापासून करायची. रॉकेट थांबणार नव्हतं. उपग्रहाची जागा दुसऱ्यांना गेली, पुढची जागा आठ महिन्यांनी होती. आठ महिन्यांवर गेलेली ती गोष्ट सोमवारीच सांगितली असती तर आठ दिवसांत मिटली असती.

दाबक्यांनी राजीनामा पुढे केला. मोघेबाईंनी तो परत सरकवला.

"हा देऊन तुम्ही सुटाल. उपग्रह कोण जोडणार? आणि माफी माझी नाही मागायची."

दाबके यमुनाताईंकडे वळले. "ताई, माझं चुकलं. तुमच्या हातांचं काही चुकलं नव्हतं."

'असू द्या' असं यमुनाताई म्हणाल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. "साहेब, स्क्रू सैल राहिला त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "मी माझ्यावरच संशय घेत बसले, आणि तुम्ही बघत राहिलात."

नवी चौकट आली. चौथा स्क्रू दाबक्यांनी स्वतः आवळला. या खेपेस आधी वायरी बाजूला घेतल्या, पाना नीट बसवला. मग ते बाजूला झाले. यमुनाताईंनी आपल्या पान्यानं तपासलं. हातात ब्रश होता, पण तो त्यांनी खाली ठेवला.

"कमी आहे. पुन्हा आवळा."

सगळ्यांच्या देखत मुख्य अभियंते पुन्हा वाकले. स्क्रू मापात बसल्यावर यमुनाताईंनी त्यावर बारीक लाल रेघ ओढली. त्यानंतर ती दुसऱ्यांदा तपासायची गरज त्यांना वाटली नाही.

तात्पर्य: आपली चूक कबूल करताना लाज वाटते ती घटकाभर, पण चूक लपवली, तर एखाद्या निर्दोष माणसाला ती आपलीच समजून वाहावी लागते, आणि मग आपल्याला वाटणारी लाज जन्मभर पुरते.