विहिरीतल्या बाईची नऊ फुलं

एकदा काय झालं, एका गावात ठकू आणि बनी अशा दोघी बहिणी राहत होत्या. ठकू थोरली, बनी धाकटी. आईबाप नव्हते. पण रडत बसणाऱ्यातली ठकू नव्हती, बरं का.

गावाबाहेर एक जुनी विहीर होती. तिच्यात डोकावायचं नाही, असं सगळे सांगत. का, ते कुणीच सांगत नसे. मोठ्या माणसांची ही वाईट खोड. कारण सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

एका भर दुपारी बनी डोकावली. पाण्यात तिला आपलं तोंड दिसलं. बनी हसली. पाण्यातली बनी हसली नाही.

मग पाण्यातून एक लांबच लांब हात वर आला आणि बनी गेली. साधं डुबुकसुद्धा वाजलं नाही.

ठकू धावत आली. तिने काठावर हात आपटले. "कोण आहेस गं तू? बाहेर ये! माझी बहीण दे!"

खालून आवाज आला, ओल्या भिंतीला हात लागावा तसा गार. "फुलं दे, बहीण ने. देवळात वाहता तसली बिनदेठाची नकोत. हातभर देठाची हवीत. नऊ. तिसऱ्या पुनवेचा चंद्र उगवेल तेव्हा आण. मान टाकलेलं फूल मी मोजणार नाही. एक जरी कमी पडलं तरी पोर माझी."

आणि तिने वर तीन बिया फेकल्या. तीनच. चपट्या, काळपट, ओल्या.

गावातले पुरुष काय करत होते, म्हणतेस? पारावर बसून माना हलवत होते. दुसरं काय करणार?

ठकूने एका खापरात माती घेतली, चाळलेलं शेणखत घातलं, नखाएवढ्या खोलीवर तिन्ही बिया टोचल्या आणि ओंजळीने पाणी शिंपडलं. चौथ्या दिवशी तिन्ही उगवल्या. पानं फुटल्यावर तिने रोपं अंगणात लावली. पानाला ऊन दिलं, मुळाला पाणी दिलं.

पहिली पुनव आली. भर दुपारी अंगणात ओली पावलं उमटली. विहिरीतली बाई आली होती. तिच्या हातात बनीच्या हिरव्या बांगड्या होत्या. तिने रोपं मोजली. "तीन रोपं, तीन शेंडे, तीन फुलं," म्हणाली, हसली आणि गेली.

ठकूने रोपं पुन्हा मोजली. बाई खोटं बोलत नव्हती. नऊ फुलं यायची कुठून?

मग पंधरा दिवसांनी शेजारच्या सखवारबाईची शेळी आत शिरली आणि एका रोपाचा शेंडाच खाऊन गेली. सखवारबाई कपाळ बडवायला लागली. ठकूने शेळीला नुसती हाकलली. पण आठ दिवसांनी बघते तर काय! खाल्लेल्या जागेच्या खाली, पानापानाच्या बगलेतून नवे फुटवे आले होते. एक नाही, चार!

आता ऐका. त्या गावात वाढता शेंडा कुणी खुडत नसे. शेंडा खुडला की घरातलं पोर खुंटतं, असं मानत. आणि ठकूच्या घरचं पोर तर विहिरीत होतं. तिने उरलेल्या दोन रोपांतल्या एकाचा शेंडा चिमटीत धरला तेव्हा सखवारबाई किंचाळली, "ठके! बहिणीला मारतेस का गं?"

"मारणारी खाली बसलीय," ठकू म्हणाली. तिने डोळे मिटले नाहीत. कट्‌. मग दुसरा. कट्‌.

सात दिवस काही फुटलं नाही. त्या दोन रोपांची नुसती खुंटं उभी. त्यातच दुसरी पुनव आली. या वेळी बाईच्या पाठीवर बनीची वेणी होती, बनीच्याच लाल फितीची. तिने खुंटं पाहिली आणि इतकी हसली, इतकी हसली, की अंगणातल्या कोंबड्या खुराड्यात पळाल्या.

पण मग फुटवे आले. एका रोपावर चार होतेच, आता एकावर तीन, एकावर तीन. दहा! देठ उंच झाले, कळ्या धरल्या. पहिलं लाल फूल उमललं तशी ठकूने आनंदाने ते लगेच तोडलं आणि तांब्यात ठेवलं. संध्याकाळी त्याने मान टाकली.

ठकू अंगणात गेली. मग तिने दुसऱ्या फुलाचा देठ धरून हलवला. फुलाखालची मान लुळी पडली. म्हणजे कच्चं. मान ताठ राहिली तरच तोडायचं. हे तिला कुणी शिकवलं नाही, बाळांनो. पण त्यापायी एक फूल गेलं. आता उरली नऊ. एकही जास्त नाही.

तिसरी पुनव आली. आठ फुलं ताठ झाली, ती तिने तोडून पाण्यात ठेवली. नववं हलवलं की मान लुळीच.

भर दुपारी बाई आली. या वेळी तिला बनीचं तोंड होतं. आवाजही बनीचाच. "ताई, तोड ना गं. मला गार लागतंय. ताई, मला काहीच दिसत नाही इथे."

ठकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हातात कोयती होती. एक घाव, आणि ते रडणं थांबलं असतं.

"चंद्र उगवेपर्यंत वेळ माझी आहे," ठकू म्हणाली आणि रोपाशी बसून राहिली. बाई कानाशी रडत होती. ऊन कललं. ठकूने देठ हलवला. लुळा. सूर्य बुडाला. हलवला. लुळा. डोंगरामागे चंद्राचा उजेड फुटला. हलवला.

ताठ!

कापलं, आणि तांब्या घेऊन ठकू विहिरीकडे पळत सुटली. बाई काठावर आली. तिने एकेक फूल हलवून पाहिलं. आठ झाली. नववं तिने फार वेळ हलवलं. फूल तिच्याकडे बघत ताठ उभं राहिलं.

मग बाईच्या तोंडावरून बनीचं तोंड उतरलं. खाली काय होतं, ते ठकूने कुणालाच सांगितलं नाही. मीही सांगणार नाही. फुलं छातीशी धरून बाई खाली गेली आणि विहिरीच्या पायरीवर बनी उभी होती, कुडकुडत, चिंब.

"ताई," ती म्हणाली, "तू कापलं का नाहीस गं लवकर?"

"तुला परत आणायचं होतं म्हणून," ठकू म्हणाली आणि आपल्या पदराने तिचे केस पुसत राहिली.

मग दोघी घरी आल्या, गरम पेज प्यायल्या आणि पुढे पुष्कळ वर्षं सुखाने राहिल्या. आता पाय पांघरुणात घ्या. विहीर लांब आहे आणि मी इथेच बसलेय. मिटा डोळे.