वरून लावायचं औषध

कचकच, कचकच. लहानपणी न्हाव्याची कात्री त्याच्या डोक्यावर अर्धा तास अशी वाजायची. आता तिसाव्या वर्षी ती तीनदा वाजते आणि थांबते. असा एक भोळा येसबा एका गावात राहायचा. त्याचे केस गळले, अक्कल मात्र गळली नाही. गळायला ती आधी असावी लागते.

येसबाला एक मुलगी पसंत होती. नवल म्हणजे मुलीलाही येसबा पसंत होता. आता फक्त तिच्या वडिलांनी घर बघून हो म्हणायचं होतं. येसबाला घोर लागला तो टकलाचा. तो डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंनी बाटली दिली. "हे वरून लावायचं."

येसबा बाटली घेऊन कौलांवर चढला. वरून औषध ओतलं. पण डोकं त्याच्याबरोबरच वर आलेलं. खाली कोंबडी होती.

"बाई, औषध कोंबडीला लागलं. मला आपली गोळी द्या."

"अरे बाबा, वरून म्हणजे कातडीवर! लावलेलं औषध बहुतेक तिथंच राहतं. गोळी पोटात गेली की अंगभर फिरते. कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाचे पाय सुजतात. तपासल्याशिवाय मी ती देत नाही. पोटात घेण्यापेक्षा वरून लावलेलं बरं. कळलं?"

"कळलं."

इथंच घात झाला.

घरी आईला ताप होता. येसबाने तापाची गोळी उगाळून तिच्या कपाळाला फासली.

"मुडद्या, हे काय?"

"पोटात धोका असतो, आई."

दुसऱ्या दिवशी तिला खोकला झाला. येसबाने गोड औषध तिच्या गळ्याला चोळलं. अंगाला मुंग्या लागल्या.

रविवारी मुलीचे वडील आले. त्यांनी टोपी काढली, तर खाली येसबापेक्षाही चकचकीत टक्कल. येसबाला माणूस फार आवडला. घर त्यांच्या मनास आलं, येसबाही आला. आईने शिरा पुढे केला.

"नको वहिनी. मला साखरेचा आजार. गोड पोटात गेलं की धोका आहे, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

येसबाला भरून आलं. एवढा समजूतदार सासरा! त्याने बशी उचलली आणि गरम शिरा मायेने त्यांच्या टकलावर थापला. कानामागून तूप ओघळू लागलं.

आईने हात जोडले. "पाव्हणं, लेकराची चूक पोटात घाला हो!"

"आई, पोटात नको!" येसबा कळवळून ओरडला. "वरूनच लावू!"

पाहुण्यांनी शिऱ्यावर टोपी चढवली, चपला पायात सरकवल्या आणि ते चालू लागले.