माळावरचा हलकारा

डोंगरउतारावरच्या एका गावात एक हलकारा राहत होता. गावोगावी निरोप पोचवणं हे त्याचं काम. पायाला भिंगरी लावल्यागत पळायचा आणि त्याची त्याला घमेंडही भारी. "माझ्यासारखा पळणारा पंचक्रोशीत दाखवा," असं येताजाता ऐकवायचा.

त्याची आई आजारी पडली आणि खंगत गेली. एका सकाळी तिने लेकाला जवळ बोलावलं.

"बाळा, माझं आता काही खरं नाही. अक्काला एकदा डोळे भरून बघू दे. आणशील?"

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, माळापलीकडच्या गावात राहणारी. "हा गेलो आणि हा आलो," म्हणत हलकारा निघाला.

माळावर दाट धुकं उतरलं होतं. चार पावलांपलीकडचं दिसेना. पण थांबेल तो हलकारा कसला! बराच पळाल्यावर त्याला मेंढरं घेऊन बसलेला एक म्हातारा धनगर दिसला. त्याला ओलांडून तो पुढे गेला. आणखी खूप पळाला, तर समोर पुन्हा तोच धनगर!

"अरं, परत हितंच आलास की," धनगर म्हणाला. "चकवा लागलाय तुला. धुक्यात माणूस गोल गोल फिरतंय. बस घटकाभर. ऊन पडलं की वाट दिसंल."

"बसायला वेळ कुणाला आहे? आई वाट बघतेय माझी!" हलकाऱ्याचं काळीज तुटत होतं, यात खोटं काही नाही. पण तो बसला नाही. उलट आणखी जोरात पळाला.

शेवटी उतार लागला, धुक्यात कौलं अंधुक दिसली. "आलं मावशीचं गाव!" म्हणत तो दिसलेल्या पहिल्याच दारात शिरला.

आतून क्षीण आवाज आला, "आलीस का गं, अक्का?"

हलकारा उंबऱ्यातच थबकला. घर त्याचंच होतं.

"मीच आहे गं, आई."

"आणि अक्का?"

तो तसाच मागे फिरला आणि पुन्हा पळाला. माळावर पोचला तोवर धुकं विरलं होतं, वाट समोर सरळ पडली होती. मावशीला घेऊन तो परतला तेव्हा आईचे डोळे दाराकडे लागलेले होते, पण त्यांत जीव नव्हता. मावशीने ते हलक्या हाताने मिटले.

तात्पर्य एवढंच: निघालो तिथून सरळ रेषेत किती दूर आणि कोणत्या दिशेला पोचलो, त्याला विस्थापन म्हणतात. पाय कितीही पळोत, फिरून घरीच आलो तर विस्थापन शून्य, आणि वेग म्हणजे विस्थापन भागिले लागलेला वेळ, म्हणून सरासरी वेगही शून्यच. दिशा कळेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर नव्हे.